सूर्य मावळेना, सोमवार सुटेना

नांदेडच्या माणसाला ऊन विकणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. ऐन मे महिन्यात, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, मी कूलरसमोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायची की जगाच्या उत्तर टोकाला असा एक देश आहे, जिथं जून महिन्यात रात्री बारा वाजताही ऊन असतं आणि ते बघायला आपण जाऊ या. गिऱ्हाईक आधी खिडकीबाहेर बघायचं, मग माझ्याकडं. तब्येत बरी आहे ना, असा प्रश्न डोळ्यांत असायचा. पण शेवटी नाव नोंदवायचं, कारण शेजारचा जाऊन आलेला असायचा.

टूर मॅनेजर म्हटलं की लोकांना वाटतं या बाईनं जग पाहिलं. मी जगातल्या हॉटेलांची मागची दारं पाहिली, कारण खिचडीचा कुकर पुढच्या दारानं नेऊ देत नाहीत. या धंद्यात दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात, माणसांचं पोट आणि माणसांची झोप. डोंगर, समुद्र, राजवाडे आपापली काळजी घेतात. पोटाचं काम मी करायची. झोपेचं काम बाकीच्या जगात सूर्य करतो. तो मावळला की गिऱ्हाईक जांभई देतं आणि टूर मॅनेजर पाय लांब करते.

नॉर्वेच्या उत्तर भागात ही सोय नाही. तिथं उन्हाळ्यात सूर्य खाली येतो, समुद्राला टेकल्यासारखं करतो आणि विचार बदलल्यासारखा पुन्हा वर चढतो. हॉटेलांत जाड काळे पडदे असतात. ते लावा आणि झोपा, असं मी रोज सांगायची. लोक पडदा लावायचे, थोड्या वेळानं फट करून बाहेर बघायचे आणि बूट घालायचे. आमच्याकडचा माणूस उजेड वाया जाऊ देत नाही.

मग जे काही चालायचं ते मोठं मजेशीर असायचं. रात्री बारा वाजता हॉटेलामागच्या हिरवळीवर क्रिकेट रंगायचं. बायका डोंगरावर फुगड्या घालायच्या आणि तिथले लोक आपल्या कुत्र्यांसकट थांबून बघायचे. किनवटचे दोन निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी जन्मभर मुलांना तळ्याकाठी जाऊ दिलं नव्हतं, ते एका छोट्या होडीत बसून स्वतः वल्हं मारत समुद्रात गेले आणि वाऱ्यामुळं परत येता येईना म्हणून एकमेकांना विद्यार्थ्यासारखे रागावत बसले. एकदा मासेमारीच्या बोटीत सगळा शाकाहारी गट चढला. गळाला लागलेला प्रत्येक मासा त्यांनी माफी मागून परत सोडला. बोटवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, ही मंडळी नेमकी कशासाठी आली आहेत? मी म्हटलं, हवापालटासाठी.

या सगळ्यात मी मात्र झोपेविना बेजार व्हायची. गिऱ्हाईक जागं तोवर मॅनेजर जागी, हा नियम. पहाटे, म्हणजे घड्याळातल्या पहाटे, कुणीतरी दार वाजवून विचारायचं, ताई, ऊन पडलंय, चहा कधी?

ज्या सहलीबद्दल सांगायचं आहे, तिच्यात दोन माणसं अशी होती की त्यांच्याविना ती सहल मला आठवलीही नसती. पहिले भाऊसाहेब. हे नांदेडातल्या इतक्या संस्थांचे अध्यक्ष होते की घरी कुणी नुसतं बसलेलं असलं तरी त्यांना तिथं अध्यक्षस्थान दिसत असावं. ते नॉर्थ केपला, म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाला, स्वतःचा सत्कार करून घेणार होते. सत्कार ठरवला त्यांनीच, शाल आणली त्यांनीच, आणि एक लांबलचक फलकही आणला होता. त्यावर ‘उत्तर ध्रुवावर भव्य सत्कार’ असं छापलेलं. नॉर्थ केप म्हणजे उत्तर ध्रुव नव्हे, ध्रुव तिथून आणखी फार लांब, असं मी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, ताई, आता छापून झालंय. खरं तर नॉर्थ केप हे उत्तर टोकसुद्धा नाही. त्याच्या शेजारचाच एक कडा आणखी थोडा उत्तरेला गेलेला आहे. पण तिथं चालत जावं लागतं आणि याच्यापर्यंत बस येते, म्हणून मान याला मिळाला. हे भाऊसाहेबांना कळलं असतं तर त्यांना ती जागा अधिकच जवळची वाटली असती.

दुसऱ्या अव्वा. उदगीरच्या. त्यांचे पती शिवमूर्ती अप्पा, उदगीरला डाळमिल, पिढीजात शिवभक्त घर. अप्पा गोल, मोठ्या आवाजाचे, खाण्यावर निस्सीम प्रेम करणारे. त्यांनी मिलमधली तूरडाळ सोबत आणली होती आणि विमानतळावर अधिकाऱ्याला तिची प्रत समजावून सांगितली होती. अव्वा किडकिडीत, बोलणं कमी, गळ्यात इष्टलिंग, सकाळी त्याची पूजा झाल्याशिवाय चहा नाही. सहल मुलानं आधीच ठरवून ठेवली होती. मध्येच अप्पांच्या छातीत दुखलं, लातूरला नेऊन हृदयात स्टेंट टाकावा लागला. दवाखान्याच्या पायरीवरच अव्वांनी सोळा सोमवार धरले. एरवी लोक श्रावणात सुरू करतात, पण संकट श्रावणाची वाट बघत थांबलं नव्हतं. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलं, अप्पांनी तेवढंच ऐकलं, बाकीचं पथ्य ऐकलं नाही, आणि दोघं निघाले.

नियम साधा होता. सोमवारी दिवसभर काही खायचं नाही. पाणी आणि बिनदुधाचा चहा. सूर्य मावळला, तिन्हीसांज झाली की दिवा लावायचा, महादेवाची पूजा करायची, चुरम्याचा प्रसाद दाखवायचा आणि मग उपास सोडायचा. पंधरा सोमवार झाले होते. मध्ये एक जरी चुकला तर पहिल्यापासून.

रविवारी आम्ही ट्रोम्सो गावात होतो. रात्री तारेवरच्या पाळण्यातून डोंगरावर गेलो. खाली गाव, पूल, समुद्र, आणि समोर उत्तरेला सूर्य, संत्र्यासारखा. बारा वाजले. सूर्य पाण्याच्या वर हातभर अंतरावर आला, रेंगाळला आणि हळूहळू वर निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनी सूर्याच्या दिशेनं असा हात केला की जणू त्यांच्याच विनंतीला मान देऊन तो थांबला होता.

अव्वांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्या जवळ आल्या.

“ताई, ह्यो मावळणार कधी?”

मी माझं पाठ भाषण सुरू केलं. इथं मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत सूर्य मावळतच नाही, पृथ्वीचा आस कललेला आहे, वगैरे. अव्वांनी पृथ्वीच्या आसात रस घेतला नाही.

“म्हणजे उद्याबी न्हाई?”

“उद्याही नाही.”

“उद्या सोमवार हाय.”

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा आईस्क्रीम खात होते. सहलीचं नावच ‘मध्यरात्रीचा सूर्य’ होतं, पत्रकावर तसा मोठा फोटो होता. मी विचारलं, अप्पा, तुम्ही वाचलं नव्हतं का?

“वाचलं की,” अप्पा म्हणाले. “पण म्या म्हणलं जाहिरात हाय. आमच्या पोत्यावरबी शंभर टक्के बिनखड्याची लिहिलेलं असतंय.”

हे मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. आयुष्यभर जाहिरातीत थोडं वाढवून लिहिलं आणि जी एक गोष्ट अक्षरशः खरी होती तिच्यावर उदगीरच्या व्यापाऱ्यानं विश्वास ठेवला नाही.

सोमवारी सकाळी आम्ही बसनं आल्टा गावाकडं निघालो. दिवसभराचा रस्ता, मध्ये दोनदा बससकट बोटीत चढून खाड्या ओलांडायच्या. चालक लार्स, तिथलाच, शांत माणूस. आमचे लोक त्याला लार्सभाऊ म्हणायचे. अव्वा खिडकीशी बसल्या. शेजारी अप्पा. मी नाश्त्याची पाकिटं वाटली. अप्पांनी आपलं घेतलं, अव्वांनी हात जोडले.

आता मला काळजी वेगळीच होती. अव्वांना शुगर होती. घरी सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत त्या निभावून न्यायच्या, सवयीनं. पण इथं सात कधी वाजणार ते घड्याळावर होतं, आकाशात नव्हतं, आणि त्यांचा भरवसा आकाशावर. आज सुटला नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा, असं म्हणत जुलै संपेपर्यंत कुणी जगत नाही. मी खिशात साखरेच्या पुड्या ठेवल्या आणि त्यांच्या बोटावर मशीन लावून साखर बघू लागले. त्यांना स्पष्ट सांगितलं, आकडा खाली आला तर मी तुमच्या तोंडात साखर घालणार. पाप लागलं तर माझ्या नावावर.

“तुमच्या नावावर कशाला,” अव्वा म्हणाल्या. “तेवढी पाळी यायची न्हाई.”

बसमध्ये बातमी पसरली तसे उपाय येऊ लागले. भाऊसाहेब माईक घेऊन उभे राहिले आणि घड्याळाप्रमाणं चालावं असा ठराव मांडला. अव्वांनी अप्पांचं मनगट वर करून दाखवलं. अप्पांनी घड्याळ उदगीरच्याच वेळेवर ठेवलं होतं, मिलमधली पाळी कधी सुटते ते कळावं म्हणून. कुठल्या घड्याळाप्रमाणं, असं अव्वांनी विचारलं. ठराव बारगळला.

मी नांदेडला सलीमभाईंना फोन लावला. आमच्या ऑफिसात व्हिसा आणि तिकिटं तेच बघायचे. जुनं नांदेडकर घर, जगभरच्या विमानांच्या वेळा तोंडपाठ, पण स्वतः रेल्वेनंच जाणार. मला वाटलं, रोज्याचा प्रश्न या भागात त्यांच्या लोकांनाही पडत असणार.

“पडतो ना ताई,” सलीमभाई म्हणाले. “मौलवी लोकांनी सांगून ठेवलंय. जवळच्या ज्या गावात सूर्य बुडतो, तिथली वेळ धरायची, नाहीतर मक्केची. काकूंना सांगा, इत्मीनानानं उदगीरची वेळ धरा.”

मी फोन अव्वांच्या हातात दिला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, भाईंची, त्यांच्या लेकरांची चौकशी केली आणि फोन परत दिला.

“बराबर हाय त्यांचं. त्यांच्या मोठ्यांनी त्यांना सांगून ठेवलंय. मला कुणी सांगितलेलं न्हाई.”

तरी उदगीरची वेळ करून बघितली. आमच्या भर दुपारी तिकडं सांज होते. सुनेनं देवघरात दिवा लावला आणि फोनवर चित्र दाखवलं. मागं अंगण काळसर झालेलं दिसत होतं, कुठल्यातरी देवळातली घंटा ऐकू येत होती. अव्वांनी फोनमधल्या दिव्याला हात जोडले. मग मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. डोळे बारीक करावे लागतील असं ऊन. त्यांनी सुनेला सांगितलं, लेकरांना जेवायला वाढ, आणि फोन ठेवला. तिथला दिवा तिथल्यांसाठी, एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या खाडीच्या बोटीत त्यांना पायऱ्या चढताना माझा हात धरावा लागला. तो हात गार होता. मशीनवरचा आकडा अजून बरा होता, पण सकाळच्या मानानं बराच उतरला होता. वर डेकवर लोक फोटो काढत होते, बर्फाचे डोंगर पाण्यात उलटे दिसत होते, आणि मी पहिल्यांदाच त्या सूर्याकडं रागानं बघितलं.

गप्पांत लक्ष राहावं म्हणून मी विचारलं, अव्वा, पावसाळ्यात झड लागते, चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा सोमवार कसा सोडता?

“जनावरं घरी आली की,” अव्वा म्हणाल्या. “आमच्या सासूबाई वर कधी बघायच्याच न्हाईत. गायी गोठ्यात आल्या, धूळ बसली, की सांज झाली. मग दिवा.”

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. खाडीच्या पलीकडच्या काठावर हिरव्या उतारावर लाल लाकडी घरं दिसत होती.

“इथली जनावरं कवा घरी येतेत, ताई?”

मी थेट लार्सकडं गेले. त्याला वाटलं मी बाथरूमसाठी थांबायचं विचारते आहे, कारण आमच्या गटातून त्याला दुसरा प्रश्न कधी आला नव्हता. त्याच्या मेहुण्याचा गोठा पुढं रस्त्यावरच होता. बस तिथं लागली. सगळे उतरले, गोठा म्हणजे विमानतळासारखी चकचकीत इमारत. गायी होत्या, भरपूर होत्या. मेहुण्यानं अभिमानानं दाखवलं की दूध यंत्र काढतं. गायीच्या मनाला येईल तेव्हा ती स्वतः आत जाते, यंत्र सड ओळखतं, दूध काढतं, गाय बाहेर येते. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. दिवसाचे चोवीस तास.

अव्वा बराच वेळ त्या यंत्राकडं बघत राहिल्या. एक गाय आत गेली, एक बाहेर आली. कुणी हाक मारली नाही, कुणी थोपटलं नाही.

“ह्यांच्याकडंबी सांज राहिली न्हाई,” त्या म्हणाल्या आणि बसकडं वळल्या.

याच वेळी माझं लक्ष अप्पांकडं गेलं. ते बसच्या पायरीवर बसले होते. घाम आलेला. मी विचारलं, गोळी घेतली का? जेवणानंतर घ्यायची आहे, ते म्हणाले. मग जेवलात की, मी म्हटलं. अप्पांनी मान खाली घातली. मी त्यांच्या सीटखाली बघितलं. सकाळचं पाकीट होतं, दुपारचं पाकीट होतं, बोटीवर घेतलेला केकही होता, सगळं न उघडलेलं. ज्या माणसानं आदल्या रात्री डोंगरावर दोन आईस्क्रीम खाल्ली होती, तो सकाळपासून काही न खाता बायकोशेजारी बसून तोंड हलवल्याचं नाटक करत होता.

“तिला सांगू नका,” अप्पा म्हणाले. “तिनं पंधरा केले माझ्यासाठी. येक तरी म्या करावा म्हणलं. नेमका ह्योच निघाला, न संपणारा.”

म्हणजे आता माझ्याकडं दोन उपाशी होते. एक शुगरची, एक हृदयाचा. मी लार्सला म्हटलं, या मुलखात एखादं तरी जनावर असेल की नाही जे संध्याकाळी घरी येतं? लार्सनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, शेळ्या. वर डोंगरात चरतात. रस्ता सोडून थोडं आत जावं लागेल. एक बाई आहे, ती अजून हाक मारून बोलावते.

बस वळली तेव्हा भाऊसाहेबांनी माईकशिवायच हरकत घेतली. गोरज म्हणजे गायीच्या खुरांची धूळ. शेळी शास्त्रात बसत नाही. बसमध्ये यावर चांगलीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, गाय ती गाय. कुणी म्हणालं, परदेशात चालवून घ्यावं. अव्वा डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी डोळे न उघडताच म्हणाल्या, “माझ्या माहेरी गाय नव्हती, भाऊसाहेब. शेळ्याच होत्या. शेळ्या आल्या की आई दिवा लावायची. आमचं कधी काही अडलं न्हाई.”

शेताच्या फाटकाशी आम्ही थांबलो. खडीचा कच्चा रस्ता डोंगराकडं गेलेला. बाई पन्नाशीची, रबरी बूट, कमरेवर हात. लार्सनं तिला काय सांगितलं देव जाणे, पण तिनं आमच्या सगळ्या घोळक्याकडं एकदा बघितलं, अव्वांकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि मान डोलावली. वेळ झालीच आहे, म्हणाली. फाटकावर चढली आणि तिनं हाक मारली.

शब्द कळत नव्हते. पण ती हाक उंच गेली, तिथं थरथरली आणि घरंगळत खाली आली. अव्वा सरळ झाल्या. अशीच, त्या हळूच म्हणाल्या, आमच्याकडंबी अशीच.

डोंगरावरून आधी घंटांचा आवाज आला. मग पांढरे ठिपके, मग शेळ्या, एकमेकींना ढकलत, तक्रारी करत, शाळा सुटल्यासारख्या. कच्च्या रस्त्याला लागल्या तशी त्यांच्या पायांतून धूळ उठली आणि तिरप्या उन्हात सोन्यासारखी लोंबत राहिली. सूर्य होता तिथंच होता. शेळ्या आमच्या मधून गेल्या आणि गोठ्यात शिरल्या. धूळ खाली बसली.

“झाली सांज,” अव्वा म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून पितळेचं निरांजन काढलं, घरून आणलेल्या तुपात बुडवलेली वात. दगडी बांधाच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी ठेवलं, पेटवलं. आणि गंमत अशी की दिवा दिसेना. इतकं ऊन होतं की ज्योत कुठं आहे ते कळतच नव्हतं. लागला का, लागला का, असं सगळे विचारू लागले. अव्वांनी तळवा वर धरला.

“ऊब लागतेय की. मग लागलाय.”

त्यांनी पूजा केली. मग एकेकजण पुढं झाला, त्या न दिसणाऱ्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावू लागला. शेळ्यांच्या बाईनंही बूट पुसून, बघून बघून तसंच केलं. भाऊसाहेब वाकले तेव्हा मागं राहिलेल्या एका शेळीनं त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावणारी उद्याच्या मनोगताची पानं ओढली आणि शांतपणे खाऊ लागली. त्यांनी सोडवायला हात पुढं केला, मग समोर अव्वा डोळे मिटून उभ्या आहेत हे बघून मागं घेतला. या एका कृतीसाठी मी त्यांचे पुढचेमागचे सगळे सत्कार माफ केले.

डब्यातून आणलेल्या चुरम्याचे भाग झाले. एक देवाला, एक जनावराला, तो त्याच शेळीला मिळाला, कागदानंतर गोड म्हणून. प्रसादाचा घास अव्वांनी स्वतःच्या तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. अप्पा समोर उभे होते. रंग उतरलेला, नजर चुरम्यावर.

“तुम्ही सकाळपासून काही खाल्लं न्हाई,” अव्वा म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

अप्पा गोठ्याकडं बघू लागले.

“मला काय कळत नसंल? चाळीस वर्षं तुमच्या जेवणाचा आवाज ऐकत आले. आज बस शांत होती.” त्यांनी तो घास अप्पांच्या तोंडात घातला. “उपास तुमच्यासाठी, आन तुम्हीच उपाशी. देवानं बघायचं तरी कुणाकडं?”

“दोघांकडं बघ म्हणा,” अप्पा तोंड भरून म्हणाले. “हाय कुठं त्याला झोप इथं.”

अव्वा हसल्या. सहलीत पहिल्यांदा. मग दुसरा घास त्यांनी स्वतः खाल्ला. सोळावा सोमवार सुटला. मी खिशातल्या साखरेच्या पुड्या चाचपल्या आणि त्या बाईच्या अंगणात कुकर लावला. अप्पांच्याच तूरडाळीची खिचडी. त्यांनी गोळी घेतली आणि त्यानंतर किती वाढून घेतलं ते मी बघितलं नाही, त्यांच्या डॉक्टरांवर उपकार म्हणून. निघताना अव्वांनी निरांजन त्या बाईच्या हातात ठेवलं. तिनं ते उन्हात फिरवून बघितलं आणि दाराशी खिळ्यावर, घंटांच्या शेजारी टांगायची जागा शोधू लागली.

नॉर्थ केपचा सत्कार दुसऱ्या दिवशी झाला, तोही इथंच उरकून टाकते. वारा असा होता की उत्तर ध्रुवाचा फलक चौघांनी धरूनही उभा राहिना, शेवटी तो गुंडाळावा लागला आणि मजकुराची चूक कुणाला दिसली नाही. मनोगत शेळीनं खाल्लेलं असल्यामुळं भाऊसाहेब चार वाक्यं बोलले आणि चारही बरी होती. शाल त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून काढून अव्वांच्या अंगावर घातली. अव्वा म्हणाल्या, बरं केलं, थंडी वाजत होती. सत्काराच्या शालीचा इतका चांगला उपयोग मी पुन्हा पाहिला नाही.

पण मला आठवण राहिली ती सोमवारचीच. आल्ट्याच्या हॉटेलात पोचलो तेव्हा ऊन होतं, हिरवळ होती, किटमध्ये बॅट होती. मी सवयीनं सगळ्यांना पडदे लावा म्हणून सांगायला तोंड उघडलं. कुणी ऐकायला थांबलंच नाही. खेळायला कुणी गेलं नाही, फोटो काढायला कुणी गेलं नाही. माणसं जांभया देत आपापल्या खोल्यांत गेली आणि दारं लागली. सांज झालेली होती, सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली होती, तेव्हा पुढं रात्र असणार हे सांगावं लागलं नाही. मी इतकी वर्षं लोकांना न संपणारा दिवस विकत होते आणि तो संपला असं कुणीतरी सांगावं याचीच ते वाट बघत होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कॉरिडॉरमध्ये एकच आवाज होता. अप्पा घोरत होते. मी अव्वांच्या दारावर टकटक करून विचारलं, झोप येत नसेल तर दुसरी खोली देऊ का?

आतून अव्वा म्हणाल्या, “राहू द्या ताई. ह्यो आवाज असला की मला झोप लागतीय.”

मग मीही खोलीत गेले आणि पडदा न लावताच आडवी झाले.